क्रांतिकारक कृषिशास्त्रज्ञ

हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या परिसरात हळदीचे पीक विपुल होते. हळदीची लागवड करताना शेतकरी बी पेरीत नाही. मागील हंगामातील निवडक गड्डे तो बेणे म्हणून राखतो आणि तेच जमिनीत लावतो. त्यामुळे नवी हळद हुबेहूब जुन्या हळदीसारखी निपजते. मक्याचे तसे नाही. मक्याचा प्रत्येक दाणा माता व पिता अशा दोघांचे अपत्य असतो. म्हणूनच एकाच कणसातील दोन दाण्यांपासून वाढलेली ताटे सख्ख्या भावंडांप्रमाणे काहीशी सारखी आणि काहीशी निराळी असतात. या निराळेपणाचा उपयोग करून भुकेल्या माणसाच्या ताटात अधिक अन्न यावे यासाठी ज्या मराठी पुरुषाने परदेशात आपली उमेदीची वर्षे वेचली, त्याचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्धा येथे झाला. त्यांच्या लहानपणी देश पारतंत्र्यात होता आणि दुष्काळांनी मध्य प्रांत व वऱ्हाड यांची दैना केली होती. शिक्षणासाठी ते नागपुरास राहिले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी त्यांचे मन भारून गेले. परक्यांची सत्ता उलथून टाकावयाची तर सैनिकी शिक्षण मिळविले पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला. इ. स. १९०६ च्या सुमारास, अगदी तरुण वयात, त्यांनी घरदार सोडले आणि जपानमार्गे अमेरिका गाठली.

अमेरिकेत त्यांच्याजवळ ना पैसा होता, ना कोणी आप्त. मिळेल ती मोलमजुरी करून त्यांनी पोट भरले व विद्याभ्यास चालू ठेवला. तेथे त्यांनी दोन विद्या संपादन केल्या. कॅलिफोर्नियातील एका सैनिकी विद्यालयात त्यांनी युद्धशास्त्राचे धडे घेतले आणि महाविद्यालयात कृषिशास्त्राचा अभ्यास केला. एका हाताने शत्रूशी लढावे आणि दुसऱ्या हाताने भूमी पिकवावी, असा जणू त्यांचा संकल्पच होता. इ. स. १९१३ मध्ये तेथील हिंदी लोकांनी गदर पक्ष स्थापन केला. त्याच्या उभारणीत खानखोजे यांचा मोठा वाटा होता.

पहिले महायुद्ध सुरू होताच ते गुप्तपणे इराणात गेले व तेथे ब्रिटिश सैन्याविरुद्ध लढले. परंतु युद्धाचा शेवट इंग्रजांच्या विजयात झाला. मायदेशाची वाट त्यांना बंद झाली. काही काळ त्यांनी जर्मनीत व रशियात घालविला. अखेर इ. स. १९२४ मध्ये ते मेक्सिको देशात आले. तलवारीने जे साधले नाही त्याचा शोक करीत न बसता त्यांनी आपली दुसरी विद्या हाती घेतली.

मेक्सिकोत नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. गरीब शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या; पण त्या पिकविण्याचे नवे ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. वर्गातील अध्यापनावर ते संतुष्ट राहिले नाहीत. खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या आणि स्वतः बांधावर उभे राहून लोकांना शिकविले.

मेक्सिकोतील लोकांचे मुख्य अन्न मका. आपल्याकडे जशी भाकरी, तशी तिकडे मक्याची पोळी. म्हणून खानखोजे यांनी मक्याच्या सुधारणेकडे विशेष लक्ष दिले. मक्याचा संकर घडविणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. ताटाच्या शेंड्यावरील तुऱ्यातून पराग झडतो आणि तो कणसाच्या रेशमी केसांवर पडला म्हणजे दाणा धरतो. कोठला तरी पराग वाऱ्याने येऊन पडू नये म्हणून तुरा आणि कणीस ही दोन्ही पिशव्यांनी झाकावी लागतात. मग निवडलेल्या ताटाचा पराग निवडलेल्या कणसावर स्वहस्ते टाकावयाचा, दाणे पक्व झाले की ते पेरावयाचे, शेकडो ताटांतून एखादे चांगले निवडावयाचे आणि पुढील हंगामात पुन्हा तोच क्रम चालवावयाचा.

इतकी खटपट का करावी लागते, याचे उत्तर पेशीच्या पोटात दडलेले आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे नावाचे सूक्ष्म धागे असतात. उंची, रंग, रोगाला तोंड देण्याची शक्ती असे गुण या धाग्यांवर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने बसलेले असतात. त्या मण्यांना जनुके म्हणतात. मक्याच्या पेशीत अशी २० गुणसूत्रे, म्हणजे १० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक धागा मातेकडून व एक पित्याकडून आलेला असतो. पराग व बीजांड तयार होताना पेशीचे एक विशेष विभाजन होते. त्या वेळी जोडीतील दोन्ही धागे एकमेकांस बिलगतात, काही ठिकाणी तुटतात आणि परस्परांचे तुकडे घेऊन पुन्हा सांधले जातात. मातेच्या माळेतील काही मणी पित्याच्या माळेत जातात आणि पित्याचे मातेच्या माळेत येतात. ही देवघेव झाली नसती, तर एका धाग्यावरील बरेवाईट गुण कायमचे एकत्र बांधलेले राहिले असते. देवघेव होते म्हणूनच वाईट गुण मागे ठेवून चांगला गुण निवडता येतो. परंतु ती हव्या त्या ठिकाणी क्वचितच होते, म्हणून शेकडो ताटे तपासावी लागतात.

ही देवघेव खरोखर घडते, याचा प्रत्यक्ष पुरावाही मक्यानेच दिला. इ. स. १९३१ मध्ये अमेरिकेतील हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक या दोन स्त्रीशास्त्रज्ञांनी, दाण्याचे गुण बदलले तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्राचे तुकडेही बदललेले दिसतात, हे सिद्ध केले. हळदीची गोष्ट येथे उलगडते. हळदीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. तिघांची नीट जोडी जुळत नाही. म्हणून तिला सहसा बी धरत नाही व ती गड्ड्यांपासूनच वाढवावी लागते.

खानखोजे मेक्सिकोत मक्याचे प्रयोग करीत होते तो हाच काळ. मक्याचे रानटी भावंड असलेल्या तिओसिंते या गवताशीही त्यांनी मक्याचा संकर करून पाहिला. थंडी व अवर्षण सोसणारी, अधिक उत्पन्न देणारी पिके निर्माण व्हावीत, हा त्यांचा ध्यास होता. गव्हावरही त्यांनी प्रयोग केले. त्यांच्या कार्याने भारावून प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी एका भव्य भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. त्या चित्रात लोक एका मेजाभोवती बसले आहेत आणि मध्यभागी खानखोजे भाकरी मोडून देत आहेत. परक्या देशातील भिंतीवर एका मराठी माणसाचा असा गौरव क्वचितच झाला असेल.

इ. स. १९३६ मध्ये त्यांनी जीन या बेल्जियन युवतीशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. इ. स. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, तेव्हा त्यांचे मन मातृभूमीकडे धाव घेऊ लागले. परंतु जुन्या राजवटीच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे ज्या देशासाठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले, त्याच्याच दारात त्यांना अडथळे सोसावे लागले. तरीही त्यांनी कटुता धरली नाही. इ. स. १९५५ मध्ये ते नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. पुढे इ. स. २०२२ मध्ये चापिंगोच्या कृषिविद्यापीठात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

खानखोजे यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध शत्रूशी झगडण्यात गेला आणि उत्तरार्ध भुकेशी झगडण्यात. पहिल्या लढ्यात त्यांना अपयश आले, पण त्या अपयशाने ते खचले नाहीत. स्वतःची भूमी दुरावली तेव्हा त्यांनी दुसऱ्यांची भूमी पिकविली. आपल्या शिवारात वाऱ्यावर डोलणारा मका पाहताना, एकेका दाण्यासाठी ऋतूमागून ऋतू बांधावर उभ्या राहिलेल्या या थोर पुरुषाचे स्मरण आपण अवश्य करावे.