इंजिनरूममधली धूळ, तीस वर्षांनंतरचा आजार

स्टीव्ह मॅक्वीन हे नाव जुन्या इंग्रजी सिनेमांच्या चाहत्यांना नक्की आठवेल. ‘द ग्रेट एस्केप’मधला मोटारसायकलवरून पळणारा कैदी, ‘बुलिट’मधला पोलीस अधिकारी. पडद्यावर अनेकदा मृत्यूला हुलकावणी देणारा हा नट ऐन पन्नाशीत गेला. त्याच्या आजाराचे मूळ मात्र बहुधा विशीच्या आसपासच्या एका कामात होते.

मॅक्वीनचा जन्म २४ मार्च १९३० रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील लवकरच घर सोडून गेले. मुलगा वाईट संगतीला लागला, तेव्हा त्याला कॅलिफोर्नियातील सुधारगृहात ठेवावे लागले. १९४७ मध्ये तो मरीन दलात भरती झाला. तिथे त्याच्या वाट्याला एक काम आले. जहाजाच्या इंजिनरूममधील पाइपांवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टण काढून टाकायचे.

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. ते जळत नाही, उष्णता अडवते, म्हणून बॉयलर आणि पाइपांभोवती ते सर्रास गुंडाळले जाई. वेष्टण शाबूत असते तोवर धोका कमी. ते ओरबाडले की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. श्वासावाटे ते खोलवर जातात आणि वर्षानुवर्षे शरीरातच राहतात. त्या वेळी ना खोकला येतो, ना काही दुखते.

१९५० मध्ये त्याने लष्कर सोडले. पुढे नाव झाले, पैसा आला. त्याला मोटार शर्यतींचे वेड होते आणि त्या काळी शर्यतीच्या अग्निरोधक कपड्यांतही अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जाई. १९७८ च्या सुमारास त्याला खोकला सुरू झाला, तो थांबेना. मॅक्वीन धूम्रपान करी, त्यामुळे खोकल्याचे खापर कुणीही सिगारेटवरच फोडले असते. डिसेंबर १९७९ मध्ये तपासणीत निदान झाले, मेसोथेलिओमा. फुफ्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग सिगारेटमुळे होत नाही, त्याचे मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉसच आहे. संपर्कानंतर तो दिसायला साधारण वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. स्वतः मॅक्वीनला इंजिनरूममधील ते काम आठवत होते.

अमेरिकेतील डॉक्टरांकडे बरे करणारा उपाय नव्हता. हताश होऊन तो मेक्सिकोत गेला आणि शास्त्रीय आधार नसलेले उपचार त्याने घेतले. गाठी वाढतच गेल्या. तिथेच शस्त्रक्रियेनंतर काही तासांत, ७ नोव्हेंबर १९८० रोजी त्याचे निधन झाले.

पैसा आणि प्रसिद्धी असूनही हा आजार परतवता आला नाही. तो टाळता मात्र आला असता, आणि आपल्या हाती तेवढेच आहे. अनेक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली असली तरी आपल्याकडे घरे, गोठे, शेड यांवर सिमेंटचे असे पत्रे आहेत. पत्रा धड असेल तर घाबरून तो उचकटू नका. त्याला भोक पाडू नका, करवत लावू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. बदलायचाच असेल तर आधी पाण्याने ओला करा, बोल्ट सोडवून अखंड उतरवा, वरून फेकू नका. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. बॉयलर किंवा पाइपांवरचे भुसभुशीत वेष्टण तर प्रशिक्षित माणसांनीच काढावे.

आणि रेंगाळलेला खोकला किंवा दम घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा आजच्या कामाबरोबर तीस वर्षांपूर्वीचे कामही सांगा. आम्ही विचारायला विसरलो, तरी सांगा.