गाडीच्या चाकावरचा नाताळ



आगमनकाळ आला की आमच्याकडे वाद निघतो. हिरव्या पानांचं कडं आणि त्यावर चार मेणबत्त्या, हे कॅथलिकांचं, आपल्या मंडळीत कशाला, असं काही वडीलधारे म्हणतात. म्हणून ज्याने हे सुरू केलं त्याच्याविषयी लिहितो. तो लूथरन होता, बरं का.

योहान हिनरिख विखर्न यांचा जन्म 1808 साली जर्मनीत हॅम्बुर्गला झाला. पंधराव्या वर्षी वडील गेले. धाकटी भावंडं होती, शिकवण्या करून घर चालवलं. पुढे गटिंगेन आणि बर्लिनला ईश्वरविज्ञान शिकून ते परत आले आणि संडे स्कूलमध्ये शिकवू लागले. मुलांच्या घरी गेले तर उपासमार, दारू, अंधाऱ्या खोल्या. रविवारच्या एका तासाने हे भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं. 1833 मध्ये शहराबाहेर होर्न इथे एका जुन्या घरात ते आईला घेऊन राहायला गेले आणि अशा पोरांना तिथे आणलं. चोऱ्या केलेली पोरं, तरी आवाराला भिंत नाही की कुलूप नाही. आल्याबरोबर मागचं सगळं माफ. मला तर त्यांचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं.

जर्मनीत मुलं 5 डिसेंबरच्या रात्री बूट पुसून दाराशी ठेवतात. सकाळी त्यात संत निकोलसचा खाऊ. 24 च्या संध्याकाळी झाडाखाली भेटी, त्या बाळ येशू आणतो असं पुष्कळ घरांत सांगतात. विखर्न यांच्या पोरांना कसली वाट बघायची सवयच नव्हती. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून ती भंडावून सोडत. तेव्हा 1839 मध्ये त्यांनी गाडीचं एक चाक प्रार्थनेच्या खोलीत टांगलं. रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या, बाकीच्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची. पोरं दिवस मोजायला शिकली, आणि जरा आकडेही. घरोघरी एवढं चाक कुठून आणणार? मागाहून चारच मेणबत्त्या उरल्या. कॅथलिक देवळांत हे विसाव्या शतकात गेलं.

पुढे त्यांनी प्रशियात तुरुंगसुधारणेचं काम केलं, शेवटची वर्षं आजारपणात काढली आणि 1881 साली ते वारले. ती संस्था हॅम्बुर्गला अजून चालू आहे.

यंदा आमच्या मंडळीत कडं लागणार आहे. पाळकसाहेबांना एवढीच विनंती, मेणबत्त्या कमिटीच्या माणसांनी नव्हे, होस्टेलच्या पोरांनी पेटवाव्यात.

— एक वाचक, बेळगाव