सार्वजनिक काका : एका चिटणिसाचे चरित्र

वार्षिक सभेत चिटणिसाच्या निवडीचा विषय पुकारला गेला म्हणजे सभागृहात एकाएकी किती शांतता पसरते, हे आमच्या सभासद बंधुभगिनींना सांगावयास नको. अध्यक्षपदासाठी नावे भराभर सुचतात. पत्रव्यवहार, वर्गणी व इतिवृत्त यांचा प्रश्न निघाला की ज्याला त्याला घरचे काम आठवते. अशा वेळी आम्हांस पुण्याच्या गणेश वासुदेव जोशी यांचे स्मरण होते.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. पुढे पुण्यास येऊन ते वकिली करू लागले. या व्यवसायात स्थिर झालेल्या गृहस्थाने लोकांच्या भानगडीत पडण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. परंतु पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष माजला आणि लोकांच्या वतीने बोलावयाचे कोणी, व कोणत्या अधिकाराने, असा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नातूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली.

या सभेचा एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. सभासद होऊ इच्छिणाराने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तो नियम होता. वर्गणी भरली, पावती घेतली आणि सभासद झाले, इतके ते सोपे नव्हते. आरंभीचे ९५ सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बसले. त्या काळी सरकारने कोणासही निवडून देण्याचा हक्क प्रजेला दिलेला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पन्नास सह्यांचे वजन कळते. अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे गेले, ते शोभलेही. चिटणिसाचे जू मात्र काकांनी आपल्या मानेवर घेतले. ते त्यांनी इतक्या निष्ठेने वाहिले की, संस्थेचे नावच त्यांना चिकटले. जोशी हे आडनाव लोक विसरले, आणि सार्वजनिक काका हे नाव राहिले.

१८७१ साली न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले. त्यांची बुद्धी सभेस लाभली, पण ते सरकारी नोकर. उघडपणे पुढे उभे राहणे त्यांना अवघड. ते काम काकांचे. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून रयतेची स्थिती सरकारपुढे मांडली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिकही निघू लागले. अशा कामांत लेखणी रानड्यांची म्हणून कीर्तीही त्यांनाच अधिक मिळाली. काकांना त्याचे वैषम्य वाटले असेल, असे त्यांच्या चरित्रावरून आम्हांस दिसत नाही.

१८७२ साली त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारास राजेरजवाडे जरतारी पोशाखात जमले असता, सभेचे मानपत्र घेऊन गेलेले काका हातच्या सुताच्या खादीत वावरत होते. घरातही हेच वारे होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ मध्ये स्त्रीविचारवती सभा स्थापन केली.

खरी कसोटी १८७९ साली लागली. त्या मे महिन्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची दहशत सरकारने घेतली होती, आणि पुण्यातील शिकलेल्या प्रत्येक माणसावर संशयाची नजर होती. रानड्यांची तर धुळ्यास बदली झाली. फडके पकडले जाऊन पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे तो संशय स्वतःच्या घरी बोलावणेच होते. त्यातून ज्याच्या नावाशी एका संस्थेचे नाव कायमचे जोडलेले, त्याने तर दोनदा विचार करावा. सशस्त्र बंडाचा मार्ग काकांचा नव्हे. अर्ज, विनंती आणि सनदशीर वादविवाद हा त्यांचा मार्ग. तरी आरोपीस बचावाचा हक्क आहे, एवढे जाणून ते न्यायालयात उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली व पुढे एडनला धाडण्यात आले.

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, ते निवर्तले. सभेचे दप्तर मागे राहिले आणि चिटणिसाची जागाही. दहा वर्षांनी, १८९० साली, त्या जागेवर एक चोवीस वर्षांचा शिक्षक येऊन बसला. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.