पानिपतचा जायबंदी, दिल्लीचा कारभारी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही आपली उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत, तिचे जुने नाव साष्टी. सहासष्ट गावांचे बेट म्हणून हे नाव पडले, अशी समजूत आहे. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत हे बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि बेट बळकावले. तथापि शस्त्राने घेतलेली ही भूमी कायमची कंपनीची ठरली ती १७ मे १७८२ रोजी, तीही येथून शेकडो कोस दूर, ग्वाल्हेरजवळच्या सालबाई या गावी. त्या तहाचे मध्यस्थ आणि जामीन होते महादजी शिंदे. उपनगरांतील आपल्या शाळा, कचेऱ्या आणि बिऱ्हाडे यांच्याखालच्या जमिनीचा निकाल एका पायाने अधू असलेल्या या सेनानीच्या साक्षीने लागला, हे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

महादजींनी हे मुत्सद्दीपणाने केले की स्वार्थापायी, हा वाद जुना आहे. त्याचा निवाडा करावयाचा तर त्या तहाच्या एकवीस वर्षे आधीच्या एका रणांगणावर गेले पाहिजे. कारण सालबाईचे महादजी घडले ते पानिपतावर.

महादजी हे राणोजी शिंद्यांचे धाकटे पुत्र. साताऱ्याकडील कण्हेरखेड हे या घराण्याचे गाव. महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. त्यांची आई राणोजींची विवाहित पत्नी नव्हती. त्यामुळे सरदारीच्या वारसांत त्यांचे स्थान अगदी शेवटचे होते. घरात कर्तबगार बंधू असताना या मुलाकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. परंतु काळाने एकेक मोहरा उचलण्यास प्रारंभ केला. १७५५ साली थोरले बंधू जयाप्पा नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून पडले. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी बुराडी घाटावर धारातीर्थी पडले. पुढे वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतचा तो भयंकर दिवस उगवला. जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती सापडले आणि मारले गेले.

पराभवानंतर दक्षिणेकडे दौडत सुटलेल्या महादजींच्या पाठीस एक अफगाण स्वार लागला. थकलेली घोडी चरात कोसळली. स्वाराने उजव्या गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरील चीजवस्तू लुटली आणि त्यांना तेथेच टाकून तो निघून गेला. राणेखान नावाच्या एका भिश्त्याने या जखमी सरदाराला ओळखले, पाण्याच्या पखाली वाहणाऱ्या आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेत सुखरूप आणले, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. महादजींचा तो पाय जन्मभर अधू राहिला. तो पाठलाग पुढेही अनेक वर्षे त्यांच्या स्वप्नात येत असे, अशी नोंद माल्कम या इंग्रज इतिहासकाराने केली आहे.

जीव वाचला, पण सरदारी मिळाली नाही. घराण्यातील अन्य हक्कदार पुढे सरसावले होते. राघोबादादांचा कल महादजींच्या विरुद्ध होता. पाय गमावलेल्या आणि औरसपणाचा आधार नसलेल्या पुरुषाने सात वर्षे वाट पाहिली, पेशव्यांच्या मोहिमांत चाकरी केली, माणसे जोडली. अखेर १७६८ साली थोरल्या माधवरावांनी शिंद्यांची सरदारी त्यांच्या नावे केली. त्यांच्या पुढील सर्व आयुष्यात जो धिमेपणा दिसतो, त्याचे शिक्षण याच सात वर्षांत झाले असले पाहिजे.

सरदारी मिळताच हा मनुष्य जेथे घायाळ झाला त्याच मुलखाकडे वळला. १७६९ साली रामचंद्र गणेश आणि विसाजी कृष्ण यांच्याबरोबर मराठी फौजा उत्तरेत निघाल्या. त्यांत तुकोजी होळकर व महादजी होते. १७७१ च्या आरंभी दिल्ली हाती आली. अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाने राहिलेला बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली १७७२ च्या जानेवारीत आपल्या राजधानीत परतला. त्याच वर्षी रोहिलखंडात उतरून पथरगड घेण्यात आला. पानिपतच्या नामुष्कीनंतर अवघ्या अकरा वर्षांत हे घडले. परंतु त्या वर्षअखेरीस माधवराव गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि दिल्लीचा डाव अर्धवट टाकून महादजींना दक्षिणेचे राजकारण पाहावे लागले.

याच गृहकलहाची किंमत म्हणून साष्टी गेली. राघोबादादांची बाजू घेण्याचा मोबदला म्हणून मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती. बोलणी पुरती होण्यापूर्वीच त्यांनी ठाण्यावर झडप घातली. १७७६ च्या पुरंदरच्या तहातही साष्टी त्यांच्याकडेच राहिली. मग १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे संधी आली. राघोबादादांना गादीवर बसविण्यासाठी घाट चढून आलेली इंग्रज फौज मराठ्यांनी तळेगावपाशी अन्नपाण्यावाचून कोंडली आणि शरण येण्यास भाग पाडली. त्या डावपेचांत महादजी अग्रभागी होते. वडगावच्या करारात साष्टी परत करण्याचे वचन इंग्रजांनी दिले. पण फौज सुटून मुंबईस पोहोचल्यावर कंपनीने तो करारच नाकारला. दिलेला शब्द आणि ताब्यात असलेली भूमी यांतील अंतर महादजींना वडगावने शिकविले.

पुढचे युद्ध त्यांच्या दारात आले. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांनी एका रात्री ग्वाल्हेरचा दुर्गम किल्ला घेतला. १७८१ च्या मार्चमध्ये त्यांच्या छावणीवर छापा पडून मोठे नुकसान झाले. तथापि इंग्रजही थकले होते. दक्षिणेत हैदरअलीने त्यांना जेरीस आणले होते आणि खजिना रिता होत चालला होता. दोन्ही बाजूंची ही निकड ओळखून महादजींनी ऑक्टोबर १७८१ मध्ये युद्ध थांबविले आणि पुढे सालबाईचा तह घडवून आणला. त्यान्वये इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडला. वसई आणि पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख मराठ्यांना परत मिळाला. साष्टी मात्र घारापुरीसह कंपनीकडे राहिली.

नाना फडणीसांना हा तह मनापासून रुचला नव्हता. हैदरशी केलेला करार मोडून, साष्टीवर पाणी सोडून समेट करावा, हे त्यांना मान्य नव्हते. हैदर मरण पावल्यानंतर, डिसेंबर १७८२ मध्ये, त्यांनी तहास मान्यता दिली. महादजींवरील आक्षेपाला बळ देणारी आणखी एक गोष्ट आहे. या तहात कंपनीने भडोच महादजींना दिले. सबंध राज्याची साष्टी गेली आणि मध्यस्थाच्या पदरात भडोच पडले, हे दृश्य शोभादायक खासच नव्हते. त्यांच्या चरित्रकारांनी हा डाग झाकण्याचे कारण नाही.

परंतु एवढ्यावरून निकाल देणे अन्यायाचे होईल. साष्टी आठ वर्षे इंग्रजांच्या हाती होती. समुद्रावर त्यांचे आरमार होते, खाडीपलीकडे मुंबई होती. ते बेट त्यांच्याकडून हिसकावून घेणे आणि पुढे राखणे या दोन्ही गोष्टी तेव्हा मराठ्यांच्या आटोक्यात राहिल्या नव्हत्या. पानिपतावर ज्याने सर्वस्व पणास लागलेले पाहिले, त्याने आटोक्याबाहेरच्या बेटासाठी आटोक्यातील हिंदुस्थान पणास लावला नाही. मराठे आणि इंग्रज यांच्यातील शांतता त्यानंतर वीस वर्षे टिकली. त्या अवधीचे महादजींनी काय केले, यावरच सालबाईची परीक्षा झाली पाहिजे.

१७८३ मध्ये त्यांनी ग्वाल्हेर परत घेतले. १७८४ मध्ये द बॉयन या सावॉयच्या सेनानीस चाकरीस ठेवून त्यांनी कवायती पायदळ उभारण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद पेशव्यांना दिले आणि त्यांचे नायब म्हणून सारा कारभार महादजींकडे आला. वैभवाचा हा मार्ग सरळ नव्हता. १७८७ साली लालसोटच्या लढाईत बादशाही पलटणी ऐन वेळी शत्रूस मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. उत्तरेतील सत्ता गेली असे वाटत असतानाच गुलाम कादिराने दिल्ली घेतली आणि १७८८ च्या ऑगस्टमध्ये वृद्ध शाहआलमचे डोळे काढले. महादजींनी पुन्हा सैन्य जमविले आणि ऑक्टोबरमध्ये दिल्ली सोडविली. दिल्लीवर गेलेल्या त्या फौजेचा सेनापती होता राणेखान. पानिपताहून जखमी सरदाराला बैलावर घालून आणणारा भिश्ती आता त्याच सरदाराचा मानलेला बंधू आणि सेनानी झाला होता. जातगोत न पाहता गुण पारखण्याची ही दृष्टी महादजींना कोणत्याही दरबाराने दिली नव्हती. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथील विजयांनी राजपुतान्यात त्यांचा जम पुन्हा बसला.

१७९२ साली ते पुण्यास आले. बादशाही फर्मान आणि वस्त्रे सवाई माधवरावांस अर्पण करण्याचा थाटाचा समारंभ झाला. त्या वेळी महादजींनी पेशव्यांचे जोडे उचलून आपण गावचे पाटील व धन्याचे चाकर असल्याचे दर्शविले, असे सांगतात. पाटीलबाबा हे नाव त्यांना शोभले ते यामुळे. या नम्रतेत नाटक किती आणि निष्ठा किती, हे पुण्याच्या दरबारास तेव्हाही उमगले नसावे. नाना आणि महादजी यांच्यातील अविश्वास शेवटपर्यंत सरला नाही. १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींशीच लढल्या. द बॉयनच्या कंपूंनी होळकरांचा मोड केला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचे देहावसान झाले. तेथील शिंद्यांची छत्री त्यांच्या दहनस्थानी उभी आहे.

आता हिशेब मांडू. सालबाईने मिळवून दिलेल्या वेळेतून महादजींनी दिल्लीचे रक्षकपद, कवायती फौज आणि उत्तरेतील मराठी सत्ता उभी केली. साष्टी देऊन त्यांनी जे मिळविले, ते साष्टीहून पुष्कळ मोठे होते. त्यांची खरी चूक निराळीच होती. हा सारा डोलारा त्यांच्या एकट्याच्या धोरणावर तोललेला होता. फौजेचे अधिकारी परकीय होते आणि होळकरांशी व पुण्याशी दुरावा होता. दत्तक पुत्र दौलतराव गादीवर आले तेव्हा कोवळ्या वयाचे होते. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तीही वसई येथेच. सालबाईने जी वसई परत मिळवून दिली, तिथेच पेशवाईने आपले स्वातंत्र्य लिहून दिले. १८०३ मध्ये युद्ध पेटताच शिंद्यांच्या फौजेतील इंग्रज अधिकाऱ्यांनी चाकरी सोडली, सेनापती पेराँ शत्रूच्या आश्रयास गेला आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीही गेली. महादजींच्या मृत्यूनंतर दहा वर्षेही लोटली नव्हती.

पराभवातून शिकणारा पुढारी दुर्मिळ असतो. महादजी तसे होते. केव्हा थांबावे, काय सोडावे आणि कोणावर विश्वास ठेवावा, हे त्यांना जखमेने शिकविले. पण ते शहाणपण त्यांच्याबरोबरच वानवडीच्या चितेवर गेले. एका पुरुषाला मिळालेला धडा संस्थेच्या, शिस्तीच्या आणि परस्परविश्वासाच्या रूपाने मागे ठेवावा लागतो. ते काम अठराव्या शतकातील आपल्या कोणत्याच मोठ्या घराण्याने पुरे केले नाही. साष्टी सालबाईच्या तहात गमावली हे खरे, परंतु इंग्रजांचे राज्य साष्टीपुरते न राहता दिल्लीपर्यंत पोहोचले ते या उणिवेमुळे. आज साष्टीच्या या भूमीवर राहणाऱ्या आपण महादजींचे स्मरण करताना त्यांच्या धैर्याइतकीच ही उणीवही लक्षात ठेवली पाहिजे.