सात घड्याळं उघडणारी ॲडमिरल

ग्रेस हॉपर हे नाव निघालं की लगेच त्या पतंगाची गोष्ट निघते! 1947 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू कॉम्प्युटरमध्ये दिव्यावर येतो तसला एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. खरं तर तो ग्रेसबाईंनी शोधलेला नव्हताच, त्या फक्त किस्सा रंगवून सांगायच्या. मला मात्र त्यांचं साठीनंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं.

जन्म 1906 चा, न्यूयॉर्कचा. सातव्या वर्षी गजर कसा वाजतो ते बघायला त्यांनी एक घड्याळ उघडलं. ते जुळेना म्हणून दुसरं... असं करत घरातली सात घड्याळं सुटी! 1934 मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. महायुद्धात नौदलात जायचं तर वय जास्त आणि वजन 15 पाउंड कमी. तरी बाई 1943 मध्ये भरती झाल्याच. पुढे 1952 मध्ये त्यांनी कंपायलर केला, म्हणजे माणसाच्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. 1959 मध्ये आकाराला आलेल्या कोबोल या हिशेबी कामांच्या भाषेचा पायाही बराचसा त्यांचाच.

1966 अखेर नौदलानं त्यांना निवृत्त केलं आणि आठ महिन्यांत परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी म्हणून. त्या राहिल्या एकोणीस वर्षं!

अडचण अशी होती की कोबोल नावालाच एक. प्रत्येक कंपनीचा कंपायलर वेगळा. एका यंत्रावर बरोबर निघणारा पगाराचा हिशेब दुसऱ्यावर चुकला तर? कंपनीच्या शब्दावर विसंबायचं नाही, असं ठरवून ग्रेसबाईंच्या गटानं कंपायलर तपासणारे प्रोग्राम तयार केले. प्रत्येक चाचणी इवलीशी, एकच गोष्ट बघणारी. उत्तर आधीच ठरलेलं. यंत्रानं ते स्वतःच ताडून बघायचं आणि पास की नापास ते छापायचं. आपण भाताचं एक शीत दाबून बघतो, पण तेवढ्यावरून आमटीत मीठ आहे का ते कसं कळणार? तिथे वेगळी चव घ्यावी लागते.

आता अशा ढीगभर चाचण्या झाल्या तर त्या लावायच्या कशा? 1968 चं प्रमाणित कोबोलच मुळी भागांत वाटलेलं होतं: गाभा, तक्ते, फायली, क्रमवारी वगैरे. चाचण्याही त्याच भागांप्रमाणे रचल्या गेल्या. ज्या कंपायलरमध्ये क्रमवारीची सोयच नाही, त्याला तिचा पेपर कशाला द्यायचा?

हे काम पुढे सरकारी प्रमाण संस्थेकडे गेलं. 1985 च्या कोबोलसाठीच्या संचात तर कोणत्या चाचण्या चालवायच्या हे निवडून देणारा एक मुकादम प्रोग्रामच आहे. त्या अहवालातली एक गोष्ट मला फार आवडते. पास किती, नापास किती, माणसानं डोळ्यांनी तपासायच्या किती आणि वगळलेल्या किती, हे सगळे आकडे वेगवेगळे येतात. ऑप्शनला टाकलेला धडा पास म्हणून मिरवायचा नाही!

1986 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, ग्रेसबाई रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि 1 जानेवारी 1992 ला गेल्या. तो 1985 च्या कोबोलचा संच अजून निवृत्त झालेला नाही. फुकट मिळणाऱ्या ग्नू-कोबोलचा कंपायलर आजही त्यावर तपासला जातो.