सरळ रेषेत धावणारी मोटर : प्रा. एरिक लेथवेट

जालन्याच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील वा भाऊ कामाला जातात, त्या विद्यार्थ्यांनी इंडक्शन हा शब्द घरातच ऐकला असेल. भट्टीत भंगार वितळते ते इंडक्शनने आणि विहिरीवरचा पंप फिरतो तोही बहुधा इंडक्शन मोटरवर. याच मोटरीवर गाडी पळवू पाहणाऱ्या एका संशोधकाची ओळख आपणांस करून द्यावयाची आहे.

एरिक लेथवेट यांचा जन्म १४ जून १९२१ रोजी इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात झाला. महायुद्धात ते हवाई दलात होते. त्यानंतर मँचेस्टर विद्यापीठात आले. हा सारा कापडाचा मुलूख. मालेगाव-भिवंडीस आप्तेष्ट असणाऱ्यांना यंत्रमागाचा खटखटाट ठाऊक असेलच. त्यात धोट्याला बसणारे ठोके असतात. ठोका न देता विजेनेच धोटा पळवता येईल काय, या प्रश्नापासून लेथवेट यांचे संशोधन सुरू झाले.

वाचकहो, ही युक्ती समजण्यास अवघड नाही. नेहमीच्या मोटरीत बाहेरच्या वेटोळ्यांत वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. आतल्या रोटरला वीज जोडलेली नसते. फिरत्या क्षेत्रामुळे त्यात प्रवाह निर्माण होतो आणि तोही ओढला जातो. आता ही मोटर एका बाजूने कापून चटईसारखी उलगडली असे समजा. क्षेत्र सरळ पुढे धावेल आणि त्यावरची ॲल्युमिनियमची पट्टीही धावेल. असे प्रयत्न पूर्वीही झाले होते, परंतु त्यांना शास्त्राची बैठक देण्यात लेथवेट यांचा वाटा मोठा. आगगाडी चालते ती चाकाने रूळ पकडल्यामुळे. वेग फार वाढला की ती पकड अपुरी पडते. या मोटरीला तिची गरजच नाही.

१९६४ साली ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. हवेच्या गादीवर तरंगणारी व सरळ मोटरीने धावणारी गाडी केंब्रिजजवळ तयार होत होती. फेब्रुवारी १९७३ मध्ये तिने अवघ्या मैलभराच्या मार्गावर ताशी १०४ मैलांचा, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटरचा वेग गाठला. आठवडाभरातच सरकारने पैसा बंद केला. यंत्राने साथ दिली, तिजोरीने दिली नाही!

पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या नावाला स्वतःच धक्का लावून घेतला. जायरोस्कोप, म्हणजे वेगाने फिरणारे जड चाक, न्यूटनच्या नियमांत बसत नाही असे त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानात सुचविले. संस्थेने ते व्याख्यान छापले नाही. नियम मोडत नाहीत हे त्यांनी पुढे मान्य केले, तरी अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. मोटरीवरील त्यांचे काम मात्र पक्के होते. १९८६ मध्ये त्यांना निकोला टेस्ला पुरस्कार मिळाला.

१९८४ साली बर्मिंगहॅमच्या विमानतळावर चुंबकाने उचललेली आणि सरळ मोटरीने चालणारी प्रवासी गाडी सुरू झाली. तिचा वेग होता ताशी ४२ किलोमीटर. १९९५ मध्ये ती बंद पडली. २७ नोव्हेंबर १९९७ रोजी लेथवेट यांचे निधन झाले. जपानात नागोयाजवळ याच जातीच्या मोटरीवर ताशी १०० किलोमीटरपर्यंत धावणारी गाडी २००५ साली सुरू झाली.