थॉमस यंग : उजेडात उजेड मिळवून अंधार दाखवणारा डॉक्टर



एका उजेडात दुसरा उजेड मिसळला तर काय होईल? कोणत्याही मुलाला विचारा, ते म्हणेल, उजेड वाढेल. बरोबरच आहे. पण काही ठिकाणी उजेड अधिक उजेड म्हणजे चक्क अंधार होतो! हे जगाला दाखवून देणाऱ्या थॉमस यंग यांची आज ओळख करून घेऊया.

बालपण व शिक्षण

यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधल्या मिल्व्हर्टन या गावी झाला. दहा भावंडांत ते सर्वांत थोरले. दुसऱ्या वर्षीच त्यांना वाचता येऊ लागलं होतं असं सांगतात. चौदा वर्षांचे होईतो त्यांना लॅटिन, ग्रीकसह कितीतरी भाषांची ओळख झाली होती. पुढे ते डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांनी डोळा जवळचं आणि दूरचं कसं पाहतो यावर निबंध लिहिला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. म्हणजे प्रकाशाकडे ते आले ते डोळ्याच्या वाटेने.

तो प्रयोग

त्या काळी न्यूटन यांच्या शब्दाला फार मान होता. प्रकाश म्हणजे सूक्ष्म कणांचा प्रवाह, हे त्यांचं मत बहुतेकांनी मान्य केलेलं. यंग यांना मात्र प्रकाश पाण्यावरच्या लाटांसारखा वाटत होता. दोन लाटांचे उंचवटे एकत्र आले की लाट मोठी होते. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र आला की पाणी सपाट! यालाच आपण व्यतिकरण म्हणतो.

१८०३ साली त्यांनी खिडकीच्या झडपेला बारीक छिद्र पाडलं. त्यातून आलेला उन्हाचा कवडसा आरशाने आडवा वळवला आणि त्याच्या मधोमध एक अरुंद पुठ्ठ्याची पट्टी कडेवर उभी धरली. पट्टीची जाडी फक्त एक इंचाचा तिसावा भाग. कवडसा दोन भागांत विभागला गेला आणि पट्टीच्या सावलीत उजळ व काळे पट्टे दिसले. मग त्यांनी एका बाजूचा प्रकाश अडवला. पट्टे गायब! प्रकाश कमी केल्यावर काळे पट्टे नाहीसे झाले, म्हणजे ते दोन्ही बाजूंच्या प्रकाशानेच मिळून तयार केले होते. दोन छिद्रांचा प्रसिद्ध प्रयोग त्यांनी १८०७ च्या व्याख्यानांच्या ग्रंथात मांडला.

एखादं चुणचुणीत मूल लगेच विचारेल, मग घरात दोन बल्ब लावल्यावर पट्टे का नाही दिसत? कारण दोन बल्बच्या लाटा एकमेकींशी ताल धरून चालत नाहीत. यंग यांनी एकाच कवडशाचे दोन भाग केले, म्हणून ताल जुळला. प्रयोगाची सगळी खुबी इथेच आहे.

टीका आणि वाट पाहणं

कौतुक झालं का? नाही. हेन्री ब्रूम यांनी एडिंबरा रिव्ह्यूमध्ये नाव न देता यंग यांच्या कामाची खिल्ली उडवली. यंग यांनी उत्तरादाखल पुस्तिका छापली, तर तिची एकच प्रत खपली म्हणे! डॉक्टरकी सांभाळायची होती, पेशंट टिकवायचे होते, त्यामुळे त्यांनी वैद्यकाकडे जास्त लक्ष दिलं. १८१५ नंतर फ्रान्समध्ये फ्रेनेल यांनी स्वतंत्रपणे हेच काम गणितासह पुढे नेलं, तेव्हा कुठे तरंगांची बाजू लोकांना पटू लागली. मधल्या काळात यंग यांनी इजिप्तच्या रोझेटा शिलालेखाची लिपी उलगडायलाही मोठा हातभार लावला. १० मे १८२९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पुढे काय झालं?

१९०९ साली जी. आय. टेलर यांनी अतिशय मंद प्रकाशात सुईच्या सावलीचा फोटो घेतला. त्यासाठी काही महिने प्रकाश पडू द्यावा लागला, तरी पट्टे उमटलेच! पुढे तर प्रकाशाचा एकेक कण सोडूनही हेच दिसलं. प्रत्येक कणाचा एकच ठिपका पडतो, पण हजारो ठिपके जमले की पट्टे तयार होतात. आणि कण कोणत्या वाटेने गेला हे तपासलं की पट्टे नाहीसे! पुंज भौतिकीची सुरुवात आजही याच प्रयोगाने शिकवतात.

यंग यांनी काचेवर इंचाला पाचशे अशा ओरखडलेल्या समांतर रेघांमधून उमटणारे रंगही तपासले होते. आज शास्त्रज्ञ त्याहून कितीतरी बारीक, प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या नक्षीचे पदार्थ मुद्दाम घडवतात. त्यांना फोटॉनिक स्फटिक म्हणतात. त्यांतून ठरावीक रंगाचा प्रकाश जाऊच शकत नाही, त्यामुळे प्रकाशाला हवं तिकडे वळवता येतं. मोराच्या पिसातली निळाई अशाच नैसर्गिक रचनेमुळे दिसते.

वर्गात करून पाहा

जुनी सीडी खिडकीजवळ तिरकी धरा, साबणाचे फुगे उडवा. रंग कुठून आले, हे मुलांनाच सांगू द्या. (सूर्याकडे किंवा लेझरकडे थेट पाहू देऊ नका, सीडीवरून सूर्याचं प्रतिबिंबही डोळ्यांवर येऊ देऊ नका.) एखादं उत्तर विचित्र वाटलं तरी हसण्यावारी नेऊ नका. ते खरं की खोटं, हे कसं तपासायचं, एवढंच त्याला विचारा. यंग यांच्या टीकाकाराने नेमकं तेवढंच केलं नव्हतं.